सतारीला एक अख्खी संध्याकाळ द्या

महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या संगीत सभा, म्युझिक सर्कल व महोत्सवांच्या आयोजकांना,

सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली की तुमची धावपळ सुरू होते. सभागृहाची तारीख, परवानग्या, प्रायोजकांच्या दारी खेपा, कलाकारांची तिकिटं, साथीदारांची राहण्याची सोय, आणि कार्यक्रमाच्या दिवशी भारतीय बैठकीच्या गाद्या घालण्यापासून ग्रीनरूममधल्या चहापर्यंत सगळं. यातलं बरंचसं तुम्ही पदरमोड करून करता, हे आम्ही श्रोते बघतो. तालुक्याच्या गावी बसून आम्हाला चांगलं गाणं ऐकायला मिळतं ते तुमच्यामुळे. म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे.

मागणी एकच आहे. सतारवादनाला पुरता वेळ द्या. 45 मिनिटं नव्हे, तासभरही नव्हे. एक अख्खी संध्याकाळ, निदान अडीच तास, एकाच वादकाला. आणि त्या वेळात आलापाला, म्हणजे तबल्याविना संथपणे राग उलगडण्याला, कात्री लावू नका.

सध्याचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहेच. तीन कलाकारांची सभा. सुरुवातीला एखादा उदयोन्मुख गायक, शेवटी ज्यांच्या नावावर तिकिटं खपतात ते ज्येष्ठ गायक, आणि मधल्या जागी सतार, सरोद नाहीतर बासरी. दीपप्रज्वलन लांबलं, पाहुण्यांचं मनोगत लांबलं, पहिल्या गायकाला कोणी अभंगाची फर्माईश केली, की वेळ कापला जातो तो मधल्याचा.

एका महोत्सवात हे मी अगदी पुढच्या रांगेत बसून पाहिलं. वादकांनी पुरिया कल्याण काढला होता, म्हणजे पुरिया आणि कल्याण या दोन रागांचा मेळ. या रागात पंचम, म्हणजे प हा स्वर, फार जपून ठेवतात. आधी मंद्रातल्या निषादाभोवती फिरायचं, मग कोमल रिषभ आणि गंधार यांच्यात पुरियाची व्याकुळता साठवत न्यायची, ऐकणाऱ्याला पंचमाची ओढ लागेल इतकी वाट पाहायला लावायची. आणि तो लागला की कल्याण उजळून निघतो. वादक तीव्र मध्यमापर्यंत पोचले होते. दोनदा त्यांनी पंचमाच्या काठापर्यंत नेलं आणि पुन्हा गंधारावर आणून सोडलं. माझ्या शेजारचे आजोबा डोळे मिटून ऐकत होते. तेवढ्यात विंगेतून एक कार्यकर्ता वाकत वाकत आला आणि त्याने तबलजींच्या गुडघ्याशी चिठ्ठी ठेवली. त्यांनी ती वाचून वादकांकडे सरकवली. पुढच्या मींडेत, म्हणजे तार ओढून एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना, पंचम लागला खरा, पण नुसताच लागला. जोड, म्हणजे आलापानंतरचा लय धरणारा भाग, वाजलाच नाही. लगेच मध्य लयीतली गत (तबल्यासोबत वाजणारी बंदिश), दहा-बारा ताना, द्रुत, झाला (वेगवान झणत्काराचा भाग), तबल्याशी सवाल-जवाब, तिहाई. टाळ्या कडाडल्या. नंतर बाहेर चहाच्या टेबलापाशी मी विषय काढला, तर आयोजकांपैकी एक गृहस्थ म्हणाले, "अहो ताई, आलापात लोकांची चुळबुळ सुरू होते. झाल्याला बघा, टाळ्या कशा पडल्या!"

माझं भांडण या वाक्याशी आहे. झाल्याला टाळ्या पडतात, कारण झाला संपतो तिथे टाळी वाजवायची जागा असते. आलापाची दाद टाळीत येत नाही. एखादा श्वास सोडल्याचा आवाज येतो, कोणीतरी हलकेच "वा" म्हणतं, बरेच जण काहीच बोलत नाहीत. टाळ्या मोजून श्रोत्यांची आवड ठरवायची म्हटली तर आलाप दरवेळी हरणारच. आणि दरवेळी हरला म्हणून तो दरवर्षी आणखी आखडत जातो. मग नव्या श्रोत्याला तो ऐकायलाच मिळत नाही. मग त्याची ओढ लागणार कशी? सतारीचा श्रोता आलापात तयार होतो. आलाप कापून तुम्ही पुढच्या वीस वर्षांचा श्रोता कापत आहात.

असं का म्हणते, ते सांगते. सतारीचा स्वर गळ्यासारखा धरून ठेवता येत नाही. नखीचा आघात झाला की नाद उमटतो आणि त्याच क्षणापासून विरायला लागतो. हा जो विरत जाणारा नाद, त्याला वादक आस म्हणतात. जे काही करायचं ते त्या आसेत. एकाच आघातात डाव्या हाताने तार पडद्यावर आडवी ओढत चार-चार, पाच-पाच स्वर काढायचे, आणि आवाज जवळजवळ संपत आलेला असताना शेवटचा स्वर पहिल्याइतकाच नेमका लावायचा. दरबारीचा गंधार घ्या. तो गंधाराच्या पडद्यावर सरळ ठोकून वाजवला तर दरबारी होत नाही. रिषभाच्या पडद्यावरून तार ओढून गंधार घ्यायचा आणि तिथेच संथ झुलवायचा. किती ओढायचा, किती वेळा झुलवायचा, रिषभावर कसा उतरवायचा, यात वादकाची सगळी तालीम कळते. द्रुत गतीत हे दिसायला जागा नसते. तिथे बोटांची तयारी दिसते, आणि तीही मोठी गोष्ट आहे. पण तयारीवर खूश होणं आणि स्वरावर खूश होणं यांत फार अंतर आहे.

तरफांचं तर विचारूच नका. पडद्यांच्या खालून 11 ते 13 बारीक तारा गेलेल्या असतात, त्या त्या रागाच्या स्वरांत मिळवलेल्या. एरवी त्यांना कोणी छेडत नाही. वर बाजाच्या, म्हणजे मुख्य, तारेवर स्वर बरोबर जागी लागला की त्या आपोआप बोलू लागतात, आणि तो किंचित ढळला की गप्प बसतात. झाल्यात चिकारीच्या, म्हणजे लय धरणाऱ्या कडेच्या तारांच्या, माऱ्याखाली त्यांचं बोलणं बुडून जातं. ते ऐकू येतं आलापातल्या दोन आघातांच्या मधे. ज्याने हे एकदा लक्ष देऊन ऐकलं, त्याला सूर लागणं म्हणजे काय हे वेगळं समजावून द्यावं लागत नाही.

आलापानंतर दुसरा बळी मसीतखानी गतीचा जातो. विलंबित तीनतालात बाराव्या मात्रेवरून उचल: दिर दा दिर दा रा, आणि पुढच्या "दा"वर सम. आपल्याकडचे श्रोते बोटांवर मात्रा मोजत बसणारे. समेला हात पडला नाही तर यांना झोप लागत नाही. त्यांच्यासाठी ही गत म्हणजे पर्वणी. पण वेळ कमी म्हणून वादक थेट मध्य लय गाठतात आणि हा सगळा संथ खेळ हातचा जातो.

"लोकांना धीर नाही" हे म्हणणं किती पोकळ आहे, याचा एक जुना दाखला तुमच्यासमोर ठेवते. जून 1967 मध्ये कॅलिफोर्नियात माँटेरे इथे पॉप संगीताचा तीन दिवसांचा मोठा महोत्सव झाला. जमलेली सगळी मंडळी विशी-पंचविशीतली, इलेक्ट्रिक गिटार ऐकायला आलेली. त्या महोत्सवात रविवार, 18 जूनची दुपार एकट्या पं. रविशंकर यांना दिली होती. तबल्यावर अल्लारखाँ, तंबोऱ्यावर कमला चक्रवर्ती. त्यांनी भीमपलास वाजवला, आलापासह. ज्यांना राग हा शब्दही माहीत नव्हता असे हजारो लोक बसून राहिले. त्या महोत्सवावरच्या चित्रपटात जगाने पाहिला तो त्या दुपारचा द्रुत शेवट, पण समोर बसलेल्यांना ती दुपार पूर्ण मिळाली होती. पॉपच्या आयोजकांनी सतारीला अख्खी दुपार दिली. आपण शास्त्रीय संगीताच्या महोत्सवात तिला दोन गायकांच्या मधली पाऊण तासाची फट देतो. हे मला मनापासून लागतं.

चार वर्षांनी, 1 ऑगस्ट 1971 ला, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशच्या निर्वासितांसाठी कार्यक्रम झाला, तेव्हा रविशंकर आणि अली अकबर खाँ यांनी वाद्यं मिळवून घेतली आणि लोकांनी तेवढ्यालाच टाळ्या वाजवल्या. हा किस्सा आपल्याकडे त्या श्रोत्यांना हसण्यासाठी सांगतात. मला त्यात वेगळं दिसतं. त्या लोकांना कळत नव्हतं, पण ते कान देऊन बसले होते. रविशंकर त्यांच्यावर चिडले नाहीत; वाद्यं जुळवणं एवढं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल, एवढंच हसून म्हणाले आणि वाजवायला लागले. श्रोत्यावर विश्वास ठेवणं म्हणजे हे.

आणि आपला श्रोता तर किती पुढचा! मराठी माणूस ख्यालावर वाढलेला आहे. 1953 मध्ये पं. भीमसेन जोशी यांनी पुण्यात गुरूच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या लोक मांडी घालून विलंबित एकतालातली बढत ऐकत आले आहेत. एकेका स्वरावर थांबत, पुढचा स्वर राखून ठेवत, अर्ध्या-पाऊण तासाने तार षड्जाला पोचणारी बढत. ही बढत ज्याच्या कानात मुरली आहे, त्याला सतारीचा आलाप परका कसा वाटेल? किराणा घराण्याची मंडळी ज्यांचं नाव आदराने घेतात ते बीनकार (रुद्रवीणावादक) बंदे अली खाँ उतारवयात पुण्यात राहिले आणि पुण्यातच वारले. त्यांचे शिष्य रहिमत खाँ यांनी धारवाडात सतार रुजवली, आणि रहिमत खाँचे नातू उस्ताद उस्मान खाँ यांनी ती पुण्यात आणली. गाणं आणि सतार यांची आपल्याकडे अशी शेजारची वस्ती आहे.

उस्ताद विलायत खाँ यांचं वादन ऐकलेल्या कोणालाही हे पटेल. गळ्यातलं सगळं सतारीवर यावं म्हणून त्यांनी खर्जाची तार काढून टाकली, वाद्याची जुळणी बदलली, आणि मैफलीत मधेच बंदिश गाऊन दाखवून तीच पुढे वाजवायचे. ख्याल ऐकणाऱ्याला सतारीत शिरायला यापेक्षा सोपी वाट नाही. त्यांच्याच इमदादखानी परंपरेतले उस्ताद शाहिद परवेझ पुण्यात राहतात. मुंबईत उस्ताद अब्दुल हलीम जाफर खाँ यांनी आपलं स्वतःचं जाफरखानी बाज, म्हणजे वादनशैली, उभं केलं. अन्नपूर्णादेवी मैफलीत वाजवत नसत, पण मुंबईतल्या आपल्या घरात त्यांनी कितीतरी मोठे वादक घडवले. इतकं सगळं आपल्या अंगणात असताना सतार आपल्याकडे पाहुण्यासारखी का वागवली जाते?

श्रोता लांब आलाप ऐकत नाही म्हणता, तर मग पं. निखिल बॅनर्जींचं काय? ते 1986 मध्ये, वयाच्या 54 व्या वर्षी गेले. त्यांच्या मैफलींची कितीतरी ध्वनिमुद्रणं त्यांच्यानंतर बाहेर आली, आणि त्यांना प्रत्यक्ष कधीही न पाहिलेली आजची मुलं ती रात्री दिवा मालवून, हेडफोन लावून ऐकतात. माझ्या ओळखीत इंजिनिअरिंगला असलेली एक मुलगी आहे. घरात गाण्याचं वातावरण नाही. तिने मला विचारलं, "जोड सुरू होतो तिथे तबला नसतानाही लय कशी काय जाणवते?" हा प्रश्न कोणत्याही वर्गात शिकवून येत नाही. पूर्ण आलाप पुन्हा पुन्हा ऐकला तरच पडतो. या मुलीला तुमच्या सभागृहात आणा. ती आली तर तिला चिठ्ठी ठेवून उरकलेलं वादन देऊ नका.

तुमच्या अडचणी मला दिसतात. सभागृहाचं भाडं वाढलं आहे, प्रायोजकाला नावाजलेले तीन चेहरे पत्रिकेवर हवे असतात, आणि रात्री दहाचं बंधन आहे. यातल्या शेवटच्या गोष्टीबद्दल थोडं सांगते, कारण तिचा बाऊ जास्त होतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपकाला मनाई केली, आणि उघड्या मैदानातल्या रात्रभरच्या मैफली बंद झाल्या. पण बंद सभागृहात, आतल्या आत ऐकू जाईल अशा आवाजाला त्याच नियमांत सूट आहे. तरीही बंद सभागृहातले कार्यक्रमसुद्धा आपण साडेनऊला आवरतो. त्यामुळे दरबारी आणि मालकंस आपल्या वेळेला ऐकायला मिळत नाहीत. रात्र जमत नसेल तर पहाट आहे. सकाळी सहाला ललत किंवा भटियार लावलेली एक सतार ठेवून पाहा. दिवाळी पहाटेला जी माणसं अभ्यंगस्नान करून, नटूनथटून साडेपाचला येतात, ती एरवीच्या रविवारी येणार नाहीत असं धरून चालू नका.

आता पैशाचं. तीन कलाकारांऐवजी एक बोलावला तर मानधन, प्रवास, मुक्काम सगळंच कमी होतं. हजार खुर्च्यांचं सभागृह घेऊ नका. दीडशे-दोनशे माणसांची जागा सतारीला उत्तम. लहान जागेत ध्वनिवर्धकाचा आवाजही आटोक्यात राहतो, आणि हा मुद्दा मी मुद्दाम काढते आहे, कारण आपल्याकडे सतारीचे जेवढे हाल वेळेने होत नाहीत तेवढे ध्वनिव्यवस्थेने होतात. साउंडवाल्यांना लग्नाच्या ऑर्केस्ट्राची सवय. ते खर्ज वाढवतात, घुमारा घालतात. घुमाऱ्यात एका मींडेची शेपटी दुसऱ्या आघातात मिसळते आणि आस कुठे संपली तेच कळत नाही. तबला सतारीच्या दुप्पट. कृपा करून वादकांना दुपारी तासभर आधी मंचावर बसू द्या, साउंडवाल्यांना त्यांच्यासमोर बसवा, आणि घुमारा शून्यावर आणा. वातानुकूलन कार्यक्रमाच्या वेळी जसं ठेवणार तसंच तेव्हाही चालू ठेवा, कारण हवा बदलली की तारा उतरतात-चढतात आणि मग मंचावर पुन्हा जुळवाजुळव करावी लागते. ती करावी लागलीच, तर निवेदकाने त्या वेळात विनोद सांगू नयेत. तरफा जुळवताना ऐकणं हाही रागात शिरण्याचा भाग आहे. एकेक स्वर आपल्यासमोर ठेवला जात असतो.

सत्कार शेवटी करा. आलाप आणि गत यांच्यामध्ये शाल-श्रीफळ नको. मंचावरचे फिरते रंगीत दिवे नकोत. रागाचं, तालाचं नाव आधी सांगा, आणि जमलं तर वादकांनाच दोन मिनिटं बोलू द्या, पंचमाची वाट पाहा किंवा या गंधाराकडे लक्ष ठेवा, एवढं जरी ते म्हणाले तरी नवखा माणूस पुढचा तास जागा राहतो.

आणि एक काम फक्त आपणच करू शकतो. मिरजेच्या सतारी देशभरात जातात, परदेशात जातात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, आणि पिढ्यान्‌पिढ्या हेच करणारे सतारमेकर. सभेच्या आधी अर्धा तास एखाद्या सतारमेकरांना बोलवा आणि जवारी कशी काढतात ते श्रोत्यांसमोर दाखवायला सांगा. घोडीच्या पृष्ठभागावर तार किती टेकते, त्यावर सतारीचा सगळा आवाज ठरतो. कानस फिरवायची, तार चढवून वाजवून पाहायची, पुन्हा उतरवायची, पुन्हा घासायची. रविशंकरांची जवारी खुली, झणझणीत. विलायत खाँची बंद, गोल. हे एकदा कोणी समोर बसून ऐकवलं की श्रोता पुढच्या वेळी पहिल्या आघातालाच कान टवकारतो. मी मिरजेत हे पाहिलं आहे. कारागिराने नुसतं एकदा घासल्यावर तीच तार वेगळं बोलायला लागली, आणि बघायला जमलेली शाळेतली पोरं एकदम गप्प झाली.

सगळ्याच सभा अशा करा असं मी म्हणत नाही. गाणं हवंच, मोठे महोत्सव हवेतच. वर्षाच्या कार्यक्रमांतला एक फक्त सतारीसाठी बाजूला काढा. पत्रिकेवर स्वच्छ छापा: एकच वादक, पहिल्या सत्रात एक राग, संपूर्ण आलाप-जोड-झाला आणि विलंबित गत, मध्यंतर, दुसऱ्या सत्रात वादकांच्या मर्जीने. ज्यांना एवढं नको ते येणार नाहीत. जे येतील ते ऐकायला येतील.

तिकीट लावा, आम्ही विकत घेऊ. पहिल्या वर्षी साठच माणसं आली तर साठांसाठी करा, आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा करा. एका वर्षाच्या गर्दीवरून निकाल लावू नका. आमच्या सांगलीत कोणी हे मनावर घेतलं तर गाद्या घालण्यापासून पत्रिका वाटण्यापर्यंत कुठल्याही कामाला मी आणि माझ्या दोन मैत्रिणी आहोत. मिरज जवळ आहे, सतारमेकरांकडे जाऊन बोलणं आमच्याकडे लागलं. तारीख तेवढी तुम्ही ठरवा, शक्यतो जानेवारीत, परीक्षांच्या आधी, म्हणजे कॉलेजची मुलंही येऊ शकतील.

आपली नम्र,
सांगलीची एक श्रोती